डोळे वरच्या बाजूला

आमच्या गल्लीत पोस्टमनला दोन वेळा चहा मिळणारं घर एकच, गुरुजींचं. एकदा पार्सल देताना, आणि एकदा पार्सल नसताना, म्हणजे उद्या तरी आणावं म्हणून.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता शेगावच्या वाऱ्या करतील, नाहीतर एखाद्या पतसंस्थेच्या निवडणुकीत पडतील. त्यांनी मागवायला सुरुवात केली. काय मागवतात ते दुय्यम. गावोगाव असा एक माणूस असतोच. त्याच्या अंगणात जास्वंद, कण्हेर, सदाफुली बिनबोभाट फुलत असते, आणि त्याचं तिकडे लक्ष नसतं. पाचशे कोसांवरून खोक्यात बसून आलं तेच झाड. बाकी सगळा पालापाचोळा.

गंमत अशी, की आमचा बुलढाणा जिल्हा पाठवणारा आहे. देऊळगावराजा, सिंदखेडराजाकडे शेडनेटमध्ये बाया दिवसभर उभ्या राहून मिरची-टोमॅटोच्या एकेका फुलाचं हाताने परागीकरण करतात. ते बियाणं कुठं कुठं जातं. सगळा जिल्हा बाहेर पाठवतो आणि गुरुजी एकटे आत आणतात. पोस्टाने 1877 साली व्ही.पी., म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पैसे द्यायची पद्धत, सुरू केली ती गुरुजींच्या खापरपणजोबांची सोय बघून, असं माझं मत आहे.

आधी केरळातून कमळाचे कंद आले. त्यांच्यासाठी अंगणात टाकी मांडली. कमळाच्या आधी डासांच्या अळ्या आल्या, आणि अळ्या तपासत फिरणाऱ्या पोराने टाकी उपडी केली. मग कालिंपोंगहून ग्लॅडिओलस. ते मात्र खरंच फुलले, त्यामुळे गुरुजींचा त्यातला रस गेला. मग काश्मीरचं केशर. एक किलो केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात. गुरुजींना सहा आली. एका फुलात तीन तंतू, एकूण अठरा. ते त्यांनी होमिओपॅथीच्या बाटलीत भरून गल्लीभर दाखवले. पुढे ते श्रीखंडात पडले, असं काकू सांगतात. आम्ही ते श्रीखंड खाल्लं, पण कुणाला ओळखू आलं नाही.

आणि मग पिओनी.

अमेरिकेतल्या भाच्याने फोटो पाठवला होता. रंग गुलाबाचा, अंग पानकोबीचं. एवढ्या मोठ्या फुलाला देठ बिचारा वाकलेला. गुरुजी दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहाडातल्या एका कंदवाल्याला पैसे पाठवले. तुमच्यासाठी सांगतो, पिओनीची एक जात आपल्या हिमालयात रानात उगवते आणि तिचं वाळलेलं मूळ युनानी औषधांत ऊदसलीब म्हणून वापरतात. मी गुरुजींना म्हटलं, मूळच पाहिजे तर काष्ठौषधीवाल्याकडे चौकशी करा. त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

या झाडाला हिवाळ्यात थंडी लागते. आपल्यासारखी स्वेटर घालून मिरवायची नव्हे, सात अंशांच्या खालची, आणि तीही शेकडो तास. त्याशिवाय त्याचे डोळे उघडत नाहीत. पण गुरुजी घाटावरचे. "बुलढाणा थंड हवेचं ठिकाण आहे. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं उगीच इथं नाही आणलं." त्यांचे व्याही खामगावचे, म्हणजे घाटाखालचे. ते नुसते हसले. घाटाखालच्या माणसाने घाटावरच्या थंडीला हसावं हे गुरुजींना फार लागलं.

पार्सल आलं नेमकं कार्तिकी एकादशीला. आत ओल्या भुशात गुंडाळलेली तीन मुळं, जाड, तपकिरी, वेडीवाकडी. काकूंनी एक उचलून पाहिलं. "अहो, हे उपासाला चालते का?"

लावणीला मी हजर होतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मूळ सडतं, म्हणून दीड फूट खड्ड्यात मुरूम, वाळू आणि शेणखत घातलं. मुळाच्या शेंड्याला उसाच्या कांडीसारखे डोळे होते, लालसर, हरभऱ्याएवढे. ते वरच्या बाजूला ठेवायचे आणि त्यांच्यावर माती पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. खोल गेले तर पानं येतील, फूल नाही. गुरुजींनी शाळेतली फूटपट्टी आणली होती. मातीत खोचायचे, चष्मा कपाळावर सरकवून बघायचे, चिमूटभर माती काढायचे, पुन्हा मोजायचे. दहावीच्या पेपरातही त्यांनी अर्ध्या मार्कासाठी एवढा जीव टाकला नसेल.

लावल्यावर फूल यायला तीन वर्षं लागतात असं सोबतच्या कागदावर होतं. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. गुरुजी खूश झाले. तीन वर्षं कुणी काही विचारू शकत नाही.

जानेवारीत खरा घोळ झाला. रात्री नऊ-दहा अंश, आणि दुपारी अंगातला सदरा नकोसा. उष्ण मुलखातले हौशी लोक मुळाच्या डोक्यावर बर्फ रचतात, हे गुरुजींनी कुठंतरी वाचलं. फ्रिजमधला बर्फ दोन दिवसांत संपला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला गुरुजींच्या फाटकाशी ॲपे थांबली, आणि दोघांनी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी उतरवली.

कडाक्याच्या थंडीत पहाटे दारात लादी आली की आपल्याकडे एकच अर्थ होतो. दहा मिनिटांत गल्ली गोळा झाली. पांढऱ्या टोप्या निघाल्या. दोघं जण बांबूची चौकशी करायला निघालेही. काकू सडा टाकायला बाहेर आल्या, तर समोरच्या आजीने त्यांना मिठीच मारली. "कसं झालं व माय?"

"काय कसं झालं?" काकू गोंधळल्या. "आत चहा पिऊन राह्यले ना!"

तेवढ्यात गुरुजी स्वतःच बाहेर आले. कानटोपी, शाल, हातात हातोडा. जमलेली माणसं पाहून त्यांना वाटलं, पिओनी बघायला आलीत. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून थंडीच्या तासांचा हिशोब सांगितला. टोप्या तशाच खिशात गेल्या.

फेब्रुवारीत एका मुळाला दोन कोंब आले, जांभळट, बोटाएवढे. मग पानंही उलगडली. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी लोक भेंडवळच्या घटमांडणीत पाऊसपाणी काय निघालं ते ऐकत होते, तेव्हा गुरुजी त्या झाडावर ओली चादर धरून उभे होते. मेमध्ये पानं पापडासारखी झाली. उरलेली दोन मुळं उकरून पाहिली, तर आत पोकळ.

मी सांत्वनाला गेलो. गुरुजी पावती लिहीत होते. "जात चुकली," म्हणाले. "कमी थंडीत येणारीही जात असते."

पार्सल काल मलकापूरला पोचलंय. राजूर घाट चढायचा तेवढा राहिला आहे.