दुर्बीण ठरते आहे

इंग्लंडमध्ये सशांनी गव्हाचे कोवळे कोंब फस्त करायला सुरुवात केली, की शेतकरी एखाद्या विश्वासू माणसाला रात्री रानात येऊन ससे मारायची परवानगी देतो. १९५४च्या पेस्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे सशांचा बंदोबस्त ही जमीन कसणाऱ्याचीच जबाबदारी, त्यामुळे फुकटात ती कुणी अंगावर घेत असेल तर शेतकऱ्याला हवंच असतं. हा विश्वासू माणूस बहुधा पन्नाशीपुढचा, हिरव्या जाकिटातला, एअर रायफलवाला. त्याची अडचण एकच : रायफलवर लावायची दुर्बीण अजून ठरायची आहे. उपलब्ध पुराव्यावरून माझा निष्कर्ष असा, की याला ससा नकोच आहे. ससा हे दुर्बीण घेण्याचं सबळ कारण आहे, इतकंच.

आता त्याचा हिशोबच तपासू. अंधारात उजेड जास्त हवा म्हणून त्याला पुढची काच ५६ मिलिमीटरची असलेली दुर्बीण हवी असते. काचेच्या व्यासाला दुर्बीण किती पट मोठं दाखवते त्या आकड्याने भागलं, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते. आठपटीला ती सात मिलिमीटर भरते. तरुणपणी अंधारात बाहुली तेवढी उघडते, पन्नाशीनंतर बऱ्याच जणांची ती पाचाच्या आसपास अडते. म्हणजे त्याच आठपटीला ४० मिलिमीटरची हलकी काचही त्याच्या डोळ्याला जवळपास तेवढंच देणार. बाकीच्या उजेडाचे पैसे त्याने भरलेत, पण तो आत जायला दार नाही. शिवाय गृहस्थ बारापट लावून बघतात, तेव्हा तो झोत सातावरून पावणेपाचाखाली येतो. हे त्याला ठाऊक नसतं असं नाही. तो ते तुम्हाला कागदावर काढून दाखवेल आणि तरीही ५६चीच मागवेल. ती आली की संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत नुसती दुर्बीण डोळ्याला लावून, अंतरानुसार पॅरॅलॅक्स जुळवायची कडी नखाने एकेक रेघ सरकवत, तो शेजाऱ्याच्या धुराड्याच्या विटा मोजतो. सांधे दिसले, तर काच चांगली. विटांना कान नसतात ही बाब तो सोडून देतो.

मग नाइट व्हिजन घ्यावी, तर इन्फ्रारेडचा घोळ. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांब पोचतो, पण समोरून त्याचा बारीक लाल ठिपका दिसतो. ९४०चा दिसत नाही, पण पोच कमी. सशाला तो ठिपका खटकतो का, या प्रश्नावर त्याचा हिवाळा सहज निघतो. थर्मल दुर्बीण घ्यावी, तर ऊब दिसते. पण गवतातली ती ऊब सशाची, साळिंदराच्या गरीब चुलतभावासारख्या दिसणाऱ्या हेजहॉगची, की शेजारणीच्या मांजराची, हे स्वस्त सेन्सरवर लांबून सांगणं अवघड. हेजहॉगला कायद्याचं संरक्षण आहे, मांजराला शेजारणीचं.

यावर कुणी म्हणेल, जनावर तडफडू नये, एका छर्‍यात मरावं, म्हणून चांगली दुर्बीण हवीच. अगदी मान्य. पण इंग्लंडात परवान्याविना ठेवता येणाऱ्या एअर रायफलची ताकद बारा फूट-पाउंडांपर्यंतच असते. चाळीसेक यार्डांपुढे शहाणा माणूस तिने सशावर नेम धरत नाही. त्या अंतरात नेम चुकतो तो छर्रा किती खाली येतो याचा अंदाज नसल्यामुळे, आणि तो अंदाज एकाच दुर्बिणीशी पुष्कळ दिवस नांदल्याशिवाय बसत नाही. दुर्बीण बदलली, की रायफलचा नेम पुन्हा जुळवा, म्हणजे झिरो करा, कागदावर भोकं पाडा, नवे ठोकताळे शिका. ते पाठ होण्याआधीच आपला माणूस ती विकायला काढतो.

कोकरांवर टपलेल्या कोल्ह्याचं काय, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पॉइंट टू टू थ्रीची रायफल आणि दीडशे यार्डांचं अंतर असेल, तर भारी नाइट व्हिजन पैसे वसूल करते. पण त्या रायफलला पोलिसांचा परवाना लागतो आणि एअर रायफलने कोल्हा मारायचा नसतो. तेव्हा हा दाखला तो देतो, तो दुसऱ्याच्या कोल्ह्याचा. त्याच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा जुन्या मालाच्या बाजारात पडलेला असतो. तिथे अशा दुर्बिणींखाली ‘जवळजवळ न वापरलेली’ असं लिहितात, आणि विक्रेता सहसा खोटं बोलत नसतो.