काढून टाकणारे मिस्त्री

कंपनीने गाडीत घातलेल्या वस्तूंचे आमच्या मिस्त्रींच्या लेखी दोनच प्रकार : ‘लागतं’ आणि ‘उगं लावलंय’. चाकं, स्टेअरिंग, ब्रेक आणि हॉर्न पहिल्या प्रकारात येतात. बाकीची सगळी गाडी दुसऱ्या.

शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. रांजणगाव एमआयडीसीत कामगार नेणाऱ्या जीपा, कांद्याचे पिकअप आणि गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर असं गिऱ्हाईक. या मंडळींना गाडी आजच्या आज रस्त्यावर हवी असते. पुण्याहून पार्ट येईस्तोवर थांबायला सवड कुणाला? मिस्त्रींची विद्या या घाईतूनच तयार झाली. जे बिघडलं ते काढायचं, आणि ते नसतानाही गाडी चालली तर ते मुळातच नको होतं असं समजायचं. इंजिनाखालचा गार्ड उगंच, बंपरमागची जाळी उगंच. डॅशबोर्डवर एखादा दिवा पेटून राहिला तर तो दिवाही उगंच. त्यावर काळी चिकटपट्टी. गाडी जोडून झाल्यावर चार नटबोल्ट उरले तर दुसरा फिटर घाबरेल. मिस्त्री ते शिल्लक टाकल्यासारखे डब्यात टाकतात.

माझी जुनी डिझेल गाडी एका एप्रिलात तापायला लागली. मिस्त्रींनी बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केलं, “वॉल्व काढून टाकू.”

वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर ही झडप असते, आणि तिच्या पोटात मेणाची एक कुपी. इंजिन गार असताना वाट बंद. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. मला ही रचना फार हुशारीची वाटते. मिस्त्रींना नाही. “पाण्याच्या वाटंत दार कशाला, सर? जाऊ द्या की त्याला!” कूलंटबद्दलही त्यांचं मत पक्कं : ते रंग घातलेलं पाणी. म्हणून टाकीत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं जायचं, त्याच्या क्षारांनी रेडिएटर अर्धा बुजला होता आणि गाडी तापत होती ती त्यामुळे. पण रेडिएटर काढून टाकता येत नाही, वॉल्व येतो.

गाडी गार झाली, हे मात्र खरं. इतकी गार, की जानेवारीत एका पहाटे सासुरवाडीला दौंडला निघालो तेव्हा न्हावऱ्याच्या आधीच काच आतून धुरकटली. हीटरची चावी लाल टोकापर्यंत फिरवली. ब्लोअर जोरात घोंगावला आणि आतून घोड नदीवरचं वारं आलं. सौभाग्यवतींनी शाल डोक्यावरून घेतली आणि म्हणाल्या, “हीटर बंद करा बाई, म्हणजे जरा ऊब येईल.”

चौफुल्याला चहासाठी थांबलो तेव्हा मिस्त्रींना फोन लावला.

“गॅस संपला आसंल.”

“गॅस एसीचा असतो हो, मिस्त्री.”

“मग हीटर पायजेच कशाला? शिरूर हाय सर, शिमला न्हाई!”

शिरूरचा पारा हिवाळ्यात दहाच्या खाली उतरतो हे त्यांना मान्य आहे. त्यावर त्यांच्याकडे उपायही आहे : स्वेटर. स्वेटरला स्पेअर लागत नाहीत.

दौंडला आमचे सासरे, म्हणजे मामा, रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. पाहुण्याला चहा द्यायच्या आधी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि चालू इंजिनावर, पंख्यापासून हात लांब ठेवून, केबिनच्या पत्र्यात शिरणाऱ्या हीटरच्या दोन्ही नळ्या जपून चाचपल्या. “एक तापलेली अन् एक गार असती, तर हीटरची जाळी चोक म्हणलो असतो. ह्या दोन्ही कोमट. पाव्हणं, तुमचं इंजिनच तापत नाही.” हीटरला स्वतःची शेगडी नसते, इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं आणि पंखा तीच ऊब आत ढकलतो. सुई बघितली, तर शिरूरपासून इथवर येऊनही तळाशीच. “गार इंजिन डिझेल जास्त खातं अन् झिजतंही लवकर,” मामा म्हणाले. “कुणी काढला वॉल्व?”

परत येऊन मी हे सगळं मिस्त्रींच्या कानावर घातलं. ते जराही हलले नाहीत. “उन्हाळ्यात उकळत होती का न्हाई? आता उकळती का?” याला उत्तर नाही. रेडिएटर साफ झाला, नवा वॉल्व आला, कूलंट भरलं, हवा काढली. मजुरी मात्र वॉल्व काढण्याच्या दुप्पट. मी विचारलं, तर म्हणाले, “काढायला डोकं लागत न्हाई सर, बसवायला लागतं.”

हीटर लागला. मिस्त्री शेजारच्या सीटवर बसले, जाळीसमोर हात धरले आणि ‘चेक’ करत राहिले. बराच वेळ चेक केलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

पण एक सांगायला हवं. मध्यरात्री भर रस्त्यात हीटरची नळी फुटून पाणी गळायला लागलं, तर हाच माणूस झोपेतून उठून येतो, हीटर वगळून दोन्ही तोंडं एका नळीने जोडतो आणि तुम्हाला घरी पोचवतो. शोरूम त्या वेळी बंद असतं. तो जोड फक्त त्या रात्रीपुरता असतो, एवढंच मिस्त्रींना कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

तेव्हा आमच्या भागात जुनी गाडी घेणार असाल, तर रंग आणि टायर मागाहून बघा. आधी अर्धा तास चालवा आणि तापमानाच्या सुईवर लक्ष ठेवा. ती तळाशीच राहिली आणि मालक कौतुकाने म्हणाला की गाडी अजिबात तापत नाही, तर थर्मोस्टॅटचे पैसे किमतीतून वजा करून घ्या.