पाच रुपयांची तब्येत

परवा टेंभुर्णीच्या रस्त्याला एका वाइन शॉपच्या जाळीपुढं आमचे अण्णा उभे होते आणि मी, निव्वळ सोबत म्हणून, त्यांच्या मागं. बाटली आली, बिल आलं आणि बिलामागोमाग एक कागद आला. एक दिवसाचा मद्यसेवन परवाना, ५ रुपये. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून तो शेवटपर्यंत वाचला. अण्णा लग्नपत्रिकासुद्धा शेवटपर्यंत वाचत नाहीत. मग मला म्हणाले, "बघ की, तब्येतीसाठी म्हणून लिवलंय."

कागद खोटं बोलत नव्हता. १९४९ चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून जागेवर आहे. म्हणजे आपल्याकडं चैन म्हणून कुणी पीत नाही. जो तो आरोग्याच्या जतनासाठी, परवाना घेऊन घेतो. शनिवारी रात्री ढाब्यांवर दिसते ती गर्दी नव्हे, ओपीडी आहे.

या ओपीडीचे दर बघा. विदेशीची एक दिवसाची तब्येत ५ रुपये, देशीची २. गरिबाच्या तब्येतीचा भाव शासनाला पक्का ठाऊक आहे. वर्षाची तब्येत १०० रुपयांत आणि जन्माची १,००० रुपयांत, म्हणजे दहा वर्षांत पैसे वसूल. त्यापुढं जगलात तर निव्वळ नफा, न जगलात तर औषधाला दोष देऊ नये. वयाच्या २१ व्या वर्षी बियरपुरतं आजारी पडता येतं, व्हिस्की लागेल इतकं आजारी पडायला २५ पूर्ण व्हावी लागतात. २ ऑक्टोबरला आजार बंद, आषाढीला आजार बंद. मतदान संपेपर्यंतचे ४८ तास दुकानाचं शटर खाली असतं, पण तेव्हा औषध घरपोच आणि फुकट येतं, त्यामुळं गावाची तब्येत सगळ्यात ठणठणीत असते ती त्याच दोन दिवसांत. २०२० च्या मे महिन्यात देऊळ बंद, शाळा बंद, एसटी बंद असताना परवानाधारकाला बाटली घरपोच द्यायची सोय झाली, तेव्हा कळलं की सरकारनं 'तब्येत' हा शब्द किती मनावर घेतलाय.

आता पन्नास पावलांवरच्या मेडिकलात या. तिथं होमिओपॅथीचं १२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचं औषध ३० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत विकायला बंदी. काही औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, वर फार्मासिस्ट 'जेवणानंतर' असं बजावतो. जाळीपलीकडं चिठ्ठी नाही, फार्मासिस्ट नाही, डोस पेशंटनं ठरवायचा आणि घ्यायचा जेवणाआधीच. मी मेडिकलवाल्याला म्हटलं, "एवढं तब्येतीचंच काम आहे तर लायसन तुम्हालाच का देत नाहीत?" तो म्हणाला, "नको मालक. फ्रीजमध्ये इन्सुलिनला जागा उरायची न्हाई."

मला राग परवान्याचा नाही. राग आहे तो 'तब्येत' हा शब्द नेमका त्या जाळीपाशीच आठवतो याचा. या बाटलीचं मूळ कुठं आहे? आमच्याच शिवारात. उजनी धरणाचं पाणी उसाला, ऊस कारखान्याला, मळी डिस्टिलरीला, स्पिरिट बाटलीला. १९८० साली धरण उभं राहिलं, आमच्या बापजाद्यांच्या काळ्या रानावर पाणी चढलं, आणि त्या पाण्याची आरोग्यदायी आवृत्ती आता आम्हालाच बिल करून मिळते. मूळ आवृत्ती मात्र तशीच आहे. पुण्या-पिंपरीत जे जे संडासातून आणि कारखान्यातून वाहतं ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्या फुगवट्यात येऊन मुक्काम करतं. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं. उणे! पाण्यालासुद्धा उधारीवर जगायची पाळी. तळाला उरतं ते हिरवंगार, त्याच्या वासानं म्हैससुद्धा तोंड फिरवते. त्याच पाण्यात मासेमारी, त्यातच धुणं, तेच कुठं कुठं नळाला. या पाण्यासाठी आरोग्याचा परवाना का नाही? २ रुपयांचा चालेल, देशीच आहे. पण नाही निघायचा, कारण तसल्या कागदावर 'तब्येतीसाठी' असं छापायला छापखानासुद्धा लाजेल. उपकेंद्राला कुलूप, पाण्याला हिरवा रंग, आणि आमच्या आरोग्याची लेखी हमी देणारा साऱ्या तालुक्यात एकच माणूस, तोही जाळीमागं.

घरी आल्यावर अण्णांनी ओसरीत बैठक मांडली. परवाना घडी करून बनियनच्या खिशात ठेवला, बाटली उघडली. मी माठातून तांब्या भरून पुढं केला. अण्णांनी ग्लासावर हात आडवा धरला.

"जारचं आण. हे नळाचं नको, तब्येत बिघडंल."