राज्यफुलाचे नखरे

गणपतीच्या आगेमागे पर्थला वसंत येतो आणि इथली मराठी मंडळी सकाळच्या फेरीत मध्येच थांबून, कमरेत वाकून भांडू लागतात. कांगारू पॉ हे फुलझाड फुललेलं असतं, आणि वाद ते कुठल्या जातीचं यावर.

लाल लोकरी दांडा, त्यावर हिरवीगार मखमली फुलं, फूल पोटाकडून चिरलेलं, टोकाला सहा नख्या. एवढं जुळलं की तो मँगल्सी. त्याच्यावरून वाद होत नाही. १९६० पासून तो पश्चिम ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल आहे. नाव मात्र इंग्लंडात त्याचं बी रुजवणाऱ्या रॉबर्ट मँगल्सचं. बुटका, पिवळा-केशरी असला तर ह्युमिलिस, म्हणजे कॅट्स पॉ. काळ्या केसांची मॅक्रोपिडिया, तिला वेगळ्याच प्रजातीत बसवलंय. खरी पंचाईत नर्सरीतल्या संकरांची. लग्नघरात ‘ही कुणाची गं?’ विचारावं तसं होतं: उंची फ्लॅविडस जातीची, रंग भलत्याच कुणाचा, आणि प्रत्येक आत्या आपल्या उत्तरावर ठाम.

लावायला गेलं तर राज्यफूल भारी नखरेल. वाळूची जमीन, दिवसभर ऊन, मोकळी हवा सगळं पुरवा. तरी थोड्याच वर्षांत ते निरोप घेतं. पानं काळवंडली की ‘इंक डिसीज’ आला म्हणायचं. गोगलगायींचा डोळा असतोच. बी रुजायलाही त्याला धूर हवा! रानात वणव्यानंतर ते उगवतं, म्हणून माळी धुराचं पाणी घालतात. येता-जाता तांब्याभर पाणी ओतायची आपली माया इथे कुचकामी.

त्यापेक्षा फ्लॅविडस सालस. माणसाहून उंच, फांद्या फुटलेले दांडे. जड मातीतही तग धरतो. फुलं पिवळट हिरवी, रूप बेताचंच. पण हनीईटर पक्ष्यांना रूपाशी काय करायचंय? ते दांड्यावर बसतात, मध पितात आणि डोक्याला पराग फासून पुढच्या फुलाकडे जातात. बहर सरला की मात्र झाड जमिनीलगत छाटायचं. हिरव्या पानावर कात्री चालवायला आपला हात धजत नाही, पण चालवाच. जमिनीतल्या कंदातून ते पुन्हा फुटतं.

मँगल्सी रानातच बघा. सरकारी जमिनीवरचा परवान्याशिवाय तोडणं गुन्हा आहे. अंगणासाठी फ्लॅविडस आणा, आणि पाणी जपून घाला.