कानसेन

गाण्यात कानसेन असतात, तसे मोटारीतही असतात. गाण्यातल्यांचा उपद्रव कमी. मैफल संपली की ते घरी जातात. मोटारीतल्याची मैफल प्रत्येक खड्ड्याला नव्यानं उभी राहते, आणि पावसाळा संपता संपता कोल्हापुरात खड्ड्यांना काय तोटा!

हा माणूस लांबूनही ओळखू येतो. एसी बंद, गाणी बंद, काचा खाली, मान डावीकडे कललेली. शेजारच्यानं तोंड उघडलं की याची तर्जनी वर होते. "ऐकलंस?" आपण काहीच ऐकलेलं नसतं. "खट् नाही रे, खुट्. खट् असतं तर मी एवढा विचार केला असता का?"

पुढच्या चाकांपाशी जे जे वाजू शकतं त्या सगळ्याचं कुळगोत्र त्याला पाठ. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून गाडी काढताना कटकट झाली, तर एक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर चढत जाणारी घूं असेल, तर बेअरिंग. हलका ब्रेक लावताच खडखड थांबली, तर सस्पेन्शनचा संबंध नाही, ब्रेकचे पॅड सैल आहेत. करकर ही रबरी बुशांची. कोरडं पडलेलं रबर वाजतं आणि भिजलं की गप्प होतं. म्हणून जून ते सप्टेंबर तो कुठल्याही निष्कर्षाला येत नाही.

त्याचं खरं प्रेम मात्र लिंक रॉडवर. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधे एक आडवा बार असतो. वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून. तो दोन्ही बाजूंना एकेका छोट्या लिंक रॉडनं जोडलेला. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर बार नुसता वर-खाली होतो, त्याला पीळ बसत नाही. एकच चाक उचललं की पीळ बसतो, रॉडवर ओढ येते, आणि त्याच्या टोकाची गोळी झिजली असेल तर ती खुटखुटते. एवढं ज्ञान माणसाला झालं, की तो गतिरोधकावर सरळ जाणं शक्यच नाही. आधी सरळ, मग वळून येऊन फक्त डाव्या चाकानं, मग फक्त उजव्या. मागचा रिक्षावाला जे बोलतो ते काचा खाली असल्यामुळे सगळं आत येतं. याला ते ऐकू येत नाही. कान दुसऱ्या कामात असतात.

मग स्वारी शिवाजी उद्यमनगरात, मिस्त्रींकडे. मिस्त्री हात पुसत शेजारी बसतात, एक चक्कर होते, आणि डॉक्टरांच्या टेबलावर बसवलेल्या पोराचा खोकला थांबावा तशी गाडी गप्प.

"कुठं वाजतंय, मालक?"

"आत्ता नाही वाजत."

"मग बरं झालं की!"

या वाक्याइतका अपमान त्याचा कुणी केलेला नाही. तो गाडी जॅकवर घ्यायलाच लावतो. चाक वर-खाली धरून हलवलं जातं, बॉल जॉइंटसाठी. मग डावी-उजवी धरून, टाय रॉडसाठी. टॉमी घालून लोअर आर्मची बुशं चाळवली जातात, तर डावीकडच्या रबराला हा एवढा चिरा. आणि शेवटी मिस्त्री लिंक रॉड मुठीत धरून झटका देतात. खुट्.

"ह्यो बघा तुमचा आवाज."

त्या क्षणी त्याचा चेहरा बघावा. गाडीत बिघाड निघाल्याचा इतका आनंद मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही.

नवे भाग येईपर्यंत खाली आडवा झालेला पोऱ्या त्याच्या तावडीत सापडतो. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात कसे बसवले, १९५० साली फोर्डच्या कॉन्सलला ते कसे आले, १९८३च्या मारुती ८००लाही पुढं तेच कसे होते. पोऱ्या म्हणतो, "काका, जरा दहाचा पाना द्या."

आर्म बसवताना तो मिस्त्रींना बजावतो, बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळायचा नाही. गाडी जमिनीवर टेकून वजन आल्यावरच शेवटचा पीळ. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे अगदी बरोबर आहे. मिस्त्रींनाही ते कधीपासूनचं माहीत आहे, त्यामुळे ते पलीकडे बघून हसतात. या माणसाचा खरा त्रास हाच, की तो बहुतेक वेळा बरोबर असतो. नुसताच मूर्ख असता तर त्याला टाळता आलं असतं.

काम झाल्यावर गाडी आठवडाभर गप्प, आणि तो बेचैन. अशा आठवड्यात त्याला लोकांच्या गाडीजवळ फिरकू देऊ नये. गेल्या वेळी नेमकी मेव्हण्याची नवी गाडी शोरूममधून दारात आली. हार घातलेला, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. गाडी लिंबांवरून गेली तशी याची तर्जनी वर. "डावं नीट फुटलं. उजवं जरा मागाहून." मेव्हण्यानं न ऐकल्यासारखं केलं, पण दाजींपुढं त्याचं कधीच चाललेलं नाही, तो निमूटपणे पुन्हा स्टेअरिंगवर बसला. वरचं माउंट अडकत असलं तर चाक वळवताना स्प्रिंग झटका खाते आणि ते हाताला कळतं. म्हणून हा नव्या पँटीनिशी गुडघ्यांवर बसला, चाकाच्या वरच्या फटीतून हात आत घातला, कपाळ पत्र्याला टेकवलं आणि डोळे मिटले.

आरतीचं ताट घेऊन सासूबाई बाहेर आल्या. हे दृश्य पाहून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "बघा गं, जावईबापूंची केवढी श्रद्धा! नाहीतर आमचा हा, साधे हातसुद्धा जोडले नाहीत."

"आता उजवीकडं फिरव," जावईबापू डोळे न उघडता म्हणाले, "सावकाश. आणि त्यांना म्हणावं, घंटा वाजवू नका."