मिटमिट्याला मिटणारी कांडी

पडेगावातल्या आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला काका मोटारसायकलची चावी फिरवतात. मीटर आपले सगळे दिवे एकदा लावून दाखवतं, मग पेट्रोलच्या काळ्या कांड्या खालून वर चढत जातात. त्या थांबल्या की काका कमरेवर हात ठेवून म्हणतात, "चार." हे ते गाडीला सांगतात की गल्लीला, कोण जाणे. ऐकू मात्र सगळ्यांना येतं. मग ते मिटमिट्याकडे चक्कर मारायला निघतात आणि थोड्या वेळाने परत येताना फाटकाबाहेरूनच दुसरा आकडा ओरडतात, "तीन!" आवाज असा, की जणू वाटेत कुणी पाकीट मारलंय.

मिटमिटा आहे कुठं? हा पुढच्या थांब्यावर. काकांची टाकी दहा लिटरची, कांड्या आठ, म्हणजे एका कांडीला सव्वा लिटर. एवढ्याशा अंतरात सव्वा लिटर पेट्रोल प्यायला गाडीला रोड रोलर व्हावं लागेल. बरं, ती कांडी कायमची जातही नाही. काका गाडी साइड स्टँडला लावतात, चहा पितात, पुन्हा चावी फिरवतात, तर चार! हरवलेली वस्तू घरी परत आली तर माणसं पेढे वाटतात. काका वही काढतात.

वहीत तारीख, किलोमीटर, निघतानाच्या कांड्या, पोहोचल्यावरच्या कांड्या आणि 'शेरा' असे रकाने आहेत. शेऱ्यात बहुतेक दिवशी एकच शब्द: 'मिटमिटा'. कारण कांडी आधी मिटमिट करते आणि बरोबर मिटमिट्याला मिटते. या योगायोगाचं आम्हाला हसू आलं, तर काका म्हणाले, "हसा. कंपनीत असता तर अख्खा लॉट परत पाठवला असता."

कंपनी म्हणजे वाळूज एमआयडीसीतली. काका तिथे नोकरीभर क्वालिटीत होते. सकाळच्या बसने जायचे, खिशात व्हर्निअर, हातात गो-नो-गो गेज. भोकात पहिलं टोक गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. मधलं काही नसतं. रिजेक्ट मालाला लाल टॅग. निवृत्त झाले तेव्हा सत्काराची शाल घरी आली तीच मुळी मापून: दोन्ही बाजूंच्या झालरीत अर्ध्या इंचाचा फरक होता. त्या माणसाच्या दारात खोटं बोलणारं मीटर उभं राहिलं. त्यांनी काचेच्या कोपऱ्यावर बारीकसा लाल कागद चिकटवला. अजून आहे.

सर्व्हिस सेंटरला ते तीनदा जाऊन आले. तिथल्या पोराने पहिल्यांदा गाडी धुऊन दिली. दुसऱ्यांदा बॅटरीची वायर काढून लावली. कांडी होती तशीच राहिली, वर घड्याळ मागे गेलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, सगळ्याच गाड्यांना असतं हे."

"सगळ्यांना असतं म्हणजे दोष नाही?"

"नाही ना काका."

"मग सर्दीचं औषध कशाला विकतात?"

पोरगं उत्तर शोधायला आत गेलं ते बाहेर आलं नाही.

शेवटी उलगडा केला नाक्यावरच्या मेकॅनिकने. काळ्या हाताने बिस्किट चहात बुडवत त्याने गाडीकडे नुसतं पाहिलं. "चाचा, तिरछी खडी करके गिनते, सीधी चलाके गिनते. फरक तो पडेंगाच." मग त्याने दुकानातली एक जुनी टाकी उलटी करून दाखवली. मला वाटायचं टाकी म्हणजे डबा. तसं नसतं. चौकटीचा पाइप मधून जातो म्हणून टाकीच्या पोटात उंचवटा असतो आणि पेट्रोल घोड्यावरच्या पडशीसारखं दोन्ही बाजूंना लोंबतं. आत एका तारेच्या टोकाला फ्लोट तरंगतो. तो वरखाली होईल तसा विजेचा रोध बदलतो आणि तोच मीटरला कांड्यांचा आकडा कळवतो. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलली, की उजव्या पिशवीतलं पेट्रोल उंचवटा ओलांडून डावीकडे येतं, फ्लोट उचलला जातो. गाडी सरळ झाली की तो खाली. पण मीटर ते लगेच कबूल करत नाही. खड्ड्याखड्ड्याला कांड्या नाचू नयेत म्हणून त्याला मुद्दाम मंद केलेलं असतं. आणि ते मंदपण संपायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच काकांना मिटमिट्याला पोहोचायला लागतो.

माझं समाधान झालं. काकांचं नाही. त्यांनी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि सीटवर ठेवली. बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत मी गाडी धरून उभा. आला. काकांनी चावी फिरवली. "तीन," ते हळू आवाजात म्हणाले. नवीन गाड्यांतलं मीटर वेगसुद्धा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतं, कमी कधी दाखवायचं नाही असा नियमच असतो, हे सांगून त्यांचं मन वळवावं म्हणून मी तोंड उघडलं. ती माझी चूक. आता वहीत वेगाचाही रकाना आहे.

काकू आतून म्हणाल्या, "चेतक होती तेव्हा कुठं होत्या कांड्या?" हे खरं. चेतकला पेट्रोल संपत आलं की काका स्कूटर अशी आडवी करायचे, जशी आई औषध पाजायला पोराला मांडीवर घेते. तळाचं उरलंसुरलं पेट्रोल नळीपर्यंत यायचं, किक बसायची आणि नगर नाक्यापासून घर गाठायचे. कलती गाडी जास्त पेट्रोल दाखवते हे गुपित या माणसाला चाळीस वर्षांपासून पाठ! "तेव्हा मी कलवत होतो," काका म्हणाले. "आता ती मला कलवतेय."

गेल्या शनिवारी ते काकूंना घेऊन खुलताबादला भद्रा मारुतीला निघाले, मागे माझी गाडी. मिटमिट्याला काकांनी डावा हात वर करून तीन बोटं दाखवली. दौलताबादला किल्ल्याच्या वेशीत नेहमीची कोंडी झाली. एसटी आणि ऊस भरलेला ट्रॅक्टर एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणायला तयार नव्हते. ती सुटून आम्ही घाट चढायला लागलो. अर्ध्या चढावर काकांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं पंक्चर.

"चार," ते म्हणाले.

चढाला पेट्रोल मागे सरकलं असणार, फ्लोट बहुधा मागच्या बाजूला. मी सांगणार तेवढ्यात काकूंनी हात जोडले, "पावला गं बाई मारुती." काकांनी एकदा मीटरकडे, एकदा काकूंकडे पाहिलं. वही खिशातच राहिली.

भद्रा मारुती निजलेला आहे. गाभाऱ्यापाशी आलं की नव्या माणसाला क्षणभर कळत नाही, डोकं कुठं नि पाय कुठं. रांग पुढे सरकत होती, पुजारी "चला, चला" करत होता. काका मात्र अडून राहिले. त्यांनी आधी सरळ उभं राहून पाहिलं. मग मान हळूहळू खांद्याकडे कलती केली, मूर्ती नीट दिसेपर्यंत, आणि तशाच तिरप्या मानेने हात जोडले.