पहिला ओरखडा

कोटीच्या वरची गाडी घ्यायचं ठरलं की माणूस एकाएकी डोंगरांविषयी बोलायला लागतो. सिंहगड म्हटलं की ज्याला आजवर फक्त पिठलं-भाकरी आठवायची, तो चढाचे अंश, पाण्याची खोली आणि वाळूतली पकड यांच्या गप्पा मारू लागतो. लहान गाडीच्या गिऱ्हाइकाला मायलेज कळलं की पुरतं. त्याहून मोठी घेणारा डिकी उघडून बघतो आणि समाधानाने बंद करतो. सहाशे अश्वशक्तीची एसयूव्ही घेणाऱ्याला मात्र आपण वाळवंटात अडकलो तर काय, याची खरोखर काळजी लागून राहते. वाळवंटात तो कशाला जाणार आहे, हे त्याला विचारायचं नसतं.

आमचे भोसरीचे दादा सध्या या अवस्थेत आहेत. दादांचा कारखाना मोटारींना लागणारे छोटे ब्रॅकेट आणि रबरी बुश बनवतो. दुसऱ्यांच्या गाड्यांची खडखड थांबवण्यात आयुष्य गेलं, आता साठीला टेकताना स्वतःसाठी एक चांगली गाडी घ्यावी, हा हिशेब रास्तच आहे. दादांच्या अटी तीन. रोज बाणेरहून भोसरीला आरामात जाता आलं पाहिजे, रविवारी सह्याद्रीत कुठेही घुसता आलं पाहिजे, आणि मोकळा रस्ता दिसला की पळता आलं पाहिजे.

"एकाच गाडीत सगळं हवं," दादा म्हणाले.

"अहो, रोजचे तुम्ही आणि रविवारचे तुम्ही एकच आहात का, ते आधी ठरवा," वहिनी म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडू लागल्या.

यादीत पाच नावं आली: रेंज रोव्हर स्पोर्ट, डिफेंडर ऑक्टा, मर्सिडीजची जी ६३, पोर्शची कायेन आणि मुलाच्या आग्रहाखातर लॅम्बोर्गिनी उरुस. माझं काम फक्त ऐकण्याचं. पण ऐकता ऐकता या गाड्यांची घराणी तपासली, तर बहुतेकांचे पूर्वज शेतावर नाहीतर लष्करात सापडले. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांचं वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेत होतं. तिथे ते महायुद्धातून उरलेली एक विलिस जीप राबवायचे. तिला पर्याय हवा म्हणून १९४७ साली त्यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूतच नव्या गाडीचं चित्र काढलं, असं सांगतात. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर उभी राहिली. पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. १९७० ची पहिली रेंज रोव्हर जरा शहरी वळणाची होती, तरी तिच्या सीट व्हिनाइलच्या आणि डॅशबोर्ड प्लॅस्टिकचा होता. शेतावरून आल्यावर आतून पाण्याची नळी मारून धुता यावी, हा हेतू. आज त्याच घराण्याच्या गाडीत बसण्यापूर्वी दादा शोरूमच्या चकचकीत फरशीवरसुद्धा बूट झटकून घेतात.

जी-क्लासचा जन्म १९७९ चा. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ती बनते आणि तिथल्याच शॉकल नावाच्या डोंगरावर तिची परीक्षा होते. चौकोनी अंग, सपाट काचा, बिजागऱ्या बाहेर. लष्करी कामासाठी घडवलेल्या गाडीला साजेसं सगळं. त्याच पेटीत आता चार लिटरचं व्ही-८ इंजिन आणि ५८५ अश्वशक्ती. उरुसचा इतिहास तर दादांना फारच आवडला. तिच्या कंपनीचे संस्थापक फेरुचिओ लॅम्बोर्गिनी आधी ट्रॅक्टर बनवत. "म्हणजे मूळचे आपल्यातलेच की!" दादा म्हणाले. २०१७ साली जगापुढे आलेली उरुस ताशी ३०५ किलोमीटर पळते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब असला तरी तिथली वेगमर्यादा ताशी १२० ची आहे. उरलेला एकशे पंचाऐंशीचा वेग कुठे ठेवायचा, याचं उत्तर विक्रेत्याकडे नव्हतं.

मला या यादीत सगळ्यांत प्रामाणिक वाटली ती कायेन. २००२ साली ती आली तेव्हा स्पोर्ट्‌स कारच्या भक्तांनी कपाळाला हात लावला होता. त्या पहिल्या पिढीत डोंगर चढण्यासाठी लो रेंजचा वेगळा गिअर होता: चाकं गोगलगायीच्या गतीने फिरणार, पण जोर दांडगा. २०१० च्या दुसऱ्या पिढीत कंपनीने तो काढून टाकला. गाडी हलकी झाली, आणि त्या गिअरसाठी कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. आपलं गिऱ्हाईक रविवारी कुठे जातं, ते जर्मन अभियंत्यांना बहुधा नीट कळलं असावं.

बाकी अभियंत्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. कारण दादांच्या तीन अटी एकमेकींच्या सख्ख्या वैरी आहेत. वेगात वळण घ्यायचं तर गाडी बुटकी आणि ताठ हवी. नाहीतर ती कलंडायला बघते. दगडधोंड्यांवरून जायचं तर तीच गाडी उंच आणि सैल हवी, एक चाक खड्ड्यात आणि दुसरं धोंड्यावर असलं तरी चारही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मग हवेच्या फुग्यांवर उभं राहणारं सस्पेन्शन आलं. बटण दाबलं की गाडी उठते, बटण दाबलं की बसते. दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा अँटी-रोल बार वळणावर ताठ आणि रानात ढिला पडावा म्हणून ४८ व्होल्टची मोटर आली. ऑक्टामध्ये तर तो बारच नाही. चारही कोपऱ्यांचे शॉक ॲब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना बांधले आहेत.

डिफरन्शियल हा प्रकार दादांनी वहिनींना समजावून सांगितला. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना. पण चिखलात तिचं एकत्र कुटुंबासारखं होतं: जे चाक जमिनीला न टेकता नुसतं हवेत गरगरतं, सगळी शक्ती त्याच्याचकडे जाते आणि जे जमीन धरून आहे ते उपाशी राहतं. लॉक लावलं की दोघांना सारखंच फिरावं लागतं. जी-क्लासला अशी तीन लॉकं आहेत. "तुमच्या घरात एक जरी असतं तरी पुरलं असतं," वहिनी म्हणाल्या. दादांनी विषय बदलला.

आता रोजच्या वापराकडे येऊ. सोसायटीतली दादांची पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आहे. उरुसची लांबी पाच मीटर अकरा सेंटिमीटर. म्हणजे ट्रॅक्टरवाल्याची गाडी शेजाऱ्याच्या बांधात शिरणार. रेंज रोव्हर स्पोर्ट आरसे मिटवून दोन मीटर पाच सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना मिळून पंचेचाळीस सेंटिमीटर उरतात, म्हणजे एकेका बाजूला जेमतेम वीतभर. त्या फटीतून दरवाजा उघडून दादांनी बाहेर यायचं, हा ऑफ-रोडिंगपेक्षा अवघड प्रकार आहे.

टायरचंही तसंच. २८५/३५ असा आकडा लिहिलेल्या तेवीस इंची टायरमध्ये रबराची उंची २८५ मिलिमीटरच्या पस्तीस टक्के, म्हणजे दहा सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक तोही दहा सेंटिमीटर उंच, आणि पायथ्याशी ३.७ मीटर रुंद. हा मानकातला झाला. आपल्याकडे गल्लीतल्या उत्साही मंडळींनी रातोरात घातलेला गतिरोधक रुंदीच्या फंदात पडत नाही, तो फक्त उंचीचा विचार करतो. ऑक्टा मीटरभर खोल पाण्यातून जाते, हेही खरं आहे. पण खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल बुडाला की पोलीस आधी बॅरिकेड लावतात. गाडीत वाळूचा मोड आहे, बर्फाचा आहे, चिखलाचा आहे. बॅरिकेडचा अजून निघालेला नाही.

तरीही दादांचा निश्चय ढळेना, कारण मधे एका कंपनीने संभाव्य गिऱ्हाइकांना ऑफ-रोडचा अनुभव द्यायला बोलावलं होतं. माळावर मातीचे उंचवटे, खणलेले खड्डे, पाण्याचा एक चर. शेजारी बसलेला प्रशिक्षक म्हणाला, "सर, ब्रेक सोडा, गाडीवर विश्वास ठेवा." दादांनी ठेवला. गाडी तीन चाकांवर उभी राहिली, एक चाक आभाळाकडे, आणि दादांच्या चेहऱ्यावर शाळेला सुट्टी मिळाल्याचा आनंद. चरात त्यांनी गाडी अशी घातली की पाणी बॉनेटवर आलं. उतरल्यावर चिखल बघून ते हसत होते. वहिनींनी तेव्हाच एक गोष्ट मनात टिपून ठेवली असणार.

पुढच्या रविवारी दादांच्या एका उद्योजक मित्राने आपली महिन्याभरापूर्वी घेतलेली अशीच गाडी वेल्ह्याकडे काढली. सोबत आम्ही. डांबर संपलं, मातीचा रस्ता लागला. मित्राने ऐटीत बटण फिरवलं, गाडी उठली. दोन वळणांनंतर रस्ता अरुंद झाला आणि दोन्हीकडून करवंदाच्या जाळ्या आत आल्या. खडक नव्हता, दरी नव्हती, पाणी नव्हतं. करवंदाचे काटे होते. मित्राने गाडी थांबवली, उतरून पुढे चालत गेला, एक फांदी हाताने बाजूला करून बघितली आणि परत आला. "इथून पुढे काही विशेष नाही म्हणे," तो म्हणाला. कोण म्हणे, ते त्याने सांगितलं नाही. वीस लाखांच्या नव्हे, दोन कोटींच्या आसपासच्या रंगावर काटा कसा वाजतो, हे ऐकायची त्याची तयारी नव्हती.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. वडापची एक जीप होती. आत किती माणसं होती ते मोजता आलं नाही. मागे दोघं लटकलेले, टपावर खताची पोती आणि एक सायकल. आमच्या मित्राने गाडी कशीबशी कडेला घेतली. जीपवाल्याने मान डोलावली, आणि करवंदाच्या जाळीतून करकर आवाज करत तो सरळ पुढे निघून गेला. त्याच्या गाडीच्या अंगावर ओरखड्यांचे इतके थर होते की नव्या ओरखड्याला स्वतःची अशी जागाच उरली नव्हती.

तिथे मला या साऱ्या निवडीची किल्ली सापडल्यासारखं वाटलं. गाडी रानात कुठवर जाईल, हे ग्राउंड क्लिअरन्स ठरवतो, लॉकं ठरवतात, टायर ठरवतात. पण शेवटचा शब्द ओरखड्याचा. गाडीच्या अंगावर काटा फिरला की मालकाच्या अंगावर किती काटा येतो, तीच तिची खरी मर्यादा. ही मर्यादा कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत, कारण ती मालकागणिक बदलते आणि किमतीबरोबर आक्रसत जाते. कंपनीच्या माळावर दादा शूर होते, कारण गाडी कंपनीची होती. अभियंत्यांनी वीस-वीस वर्षं खपून गाडीला डोंगर चढायला शिकवलं, आणि मालकाने घेतल्या दिवशी तिच्यावर काही लाखांचं पारदर्शक प्लॅस्टिक चढवून तिला धुळीपासून जपलं.

परतीच्या वाटेवर दादा गप्प होते. खेड-शिवापूरला चहा घेताना वहिनींनी विषय काढला.

"भावजी, कारखान्याच्या आवारात ती जुनी बोलेरो कॅम्पर उभी असते ना, तिची चारही चाकं चालतात का हो?"

"फोर-व्हील-ड्राइव्ह आहे ती," दादाच म्हणाले. "साइटवर माल न्यायला घेतली होती."

"मग ओरखडे पडलेली गाडी आपल्याकडे आहेच की. शहरापुरती तुम्हाला आवडेल ती घ्या. आत बसायला गुबगुबीत असली म्हणजे झालं."

दादांनी शेवटी रेंज रोव्हर स्पोर्ट घेतली. कारण सांगितलं ते देशाभिमानाचं: टाटांनी २००८ साली ही कंपनी फोर्डकडून विकत घेतली, आणि ही गाडी आता पुण्यातच जुळणी होऊन बाहेर पडते. चाळीस टक्के जीएसटीचा आकडा ऐकून देशाभिमान थोडा डळमळला होता, पण सावरला. बाणेर ते भोसरी ती मऊ गादीवरून नेल्यासारखी नेते. मोडचं बटण 'कम्फर्ट'वरून हललेलं नाही. रविवारी मात्र दादा जुन्या कॅम्परमध्ये बसतात, आणि करवंदाच्या जाळ्यांतून अशी गाडी हाकतात की मागे बसलेल्या वहिनींना काचा वर घ्याव्या लागतात. वडापवाले आता त्यांना हात करतात. म्हणजे रोजचे दादा आणि रविवारचे दादा एक नाहीत, हे उघड झालं, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल कुणी माझा सल्ला विचारला, तर मी टॉर्क, मोड आणि चढाचे अंश यांत शिरत नाही. मी सांगतो: शोरूमला जायच्या आदल्या रात्री खाली उतरा आणि आत्ता आहे त्या गाडीच्या दारावर किल्लीने वीतभर रेघ ओढा. मग वर येऊन झोपा. शांत झोप लागली, तर डोंगराची गाडी घ्या. रात्री दोनदा उठून गॅलरीतून खाली बघितलंत, तर शहराची घ्या. आणि ती रेघ ओढायला हातच धजावला नाही, तर आहे तीच गाडी आणखी दोन वर्षं वापरा. तुमचं तिच्यावर अजून प्रेम आहे.